रेडिओवर बोलणारा गुडघा

बर्लिनमधल्या काही आजी-आजोबांचे गुडघे बोलायचे. कुरकुरायचे नव्हे हं! कुरकुरणारे गुडघे काय, आपल्याही घरोघरी असतात. हे गुडघे चक्क रेडिओवर बोलायचे.

झिजलेला गुडघा काढून डॉक्टर त्या जागी धातूचा सांधा बसवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी त्या सांध्याच्या पोटातच इवलीशी मोजयंत्रं बसवली. आत बॅटरी नाहीच. पायाभोवती तारेचं वेटोळं धरायचं, की त्यातून आतल्या यंत्राला वीज मिळते आणि गुडघा सांगू लागतो, ‘आत्ता माझ्यावर एवढा भार आहे.’ अशा पाच जणांच्या गुडघ्यांचे आकडे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

साधं चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त भार येत होता. जिना चढताना तिपटीहून जास्त. आणि उतरताना? उतरणं सोपं, म्हणजे भारही कमीच असणार ना? छे! जवळजवळ साडेतीन पट! म्हणजे 60 किलोचे आजोबा पायरी उतरतात, तेव्हा त्यांचा एकेक गुडघा 200 किलोंच्या वर भार सोसतो.

पण आजोबा तर 60 किलोंचेच. मग वरचे किलो आले कुठून?

उठा आणि घरातलं एखादं दार बिजागरीपाशी बोट टेकून ढकलून बघा. बोट दुखेल, दार हलता हलणार नाही. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याला असाच, अगदी बिजागरीपाशी धरून असतो. गुडघा वाकला की अंग खाली कोसळू नये म्हणून त्याला जबरदस्त जोरानं ओढावं लागतं. ही ओढ सांध्यातली हाडं एकमेकांवर दाबते. अंगाचं वजन आहेच, त्यात ही ओढ मिळाली की झाले 200 किलो.

आता हा भार मुद्दाम वाढवणाऱ्या एका जाकिटाकडे येऊ. सकाळी मैदानावर कुणी ताई-दादा खिसेच खिसे असलेलं जाडजूड जाकीट घालून चालताना दिसतात. खिशांत लोखंडाच्या पट्ट्या नाहीतर वाळूच्या पिशव्या असतात. याला म्हणतात वेटेड व्हेस्ट. कल्पना तशी जुनीच, पूर्वीचे पैलवान गळ्यात दगडाचं जड कडं अडकवून बैठका मारायचे. समजा, जाकीट 6 किलोंचं आहे. बर्लिनच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला, तर जिना उतरताना गुडघ्यापर्यंत पोचेतो त्या 6 किलोंचे 20 होतात! उलटा हिशेबही अमेरिकेत झालाय. गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांचं वजन 1 किलोनं उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार 4 किलोंनी उतरतो, असं 2005 मध्ये दिसून आलं.

“मग जाकीट वाईटच की!” थांबा, घाई नको. खरी गंमत पुढेच आहे.

हाडांच्या टोकांवर एक पांढरंशुभ्र, गुळगुळीत अस्तर असतं. ती कूर्चा. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. तिच्यात रक्ताची एकही नळी नाही. मग ती जेवते कशी? दाबून घेऊन! पाऊल टेकलं की दाबानं तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, पाऊल उचललं की सांध्यातला चिकट द्रव आत शिरतो आणि येताना खाऊ घेऊन येतो. पळून आल्यावर गुडघ्याचा एमआरआय काढला, तर कूर्चा किंचित पातळ झालेली दिसते आणि काही तासांत पूर्ववत होते. याउलट, पाय महिनोन्महिने वापरलाच नाही तर ती खरोखरच बारीक होत जाते. भार हेच तिचं जेवण.

फक्त एक पंचाईत आहे. कूर्चेत रक्त नाही, तशी संवेदनेची नसही नाही. जेवण जास्त झालं तरी ती बिचारी सांगणार कशी? दुखायला लागतं ते आजूबाजूच्या भागांना, आणि तेही उशिरा. शिवाय स्नायू काही आठवड्यांत दणकट होतात, पण कूर्चेचा कारभार फार सावकाश. म्हणून सपाट जमिनीवर, हलक्या जाकिटानं सुरुवात करणारी ताई शहाणी. पहिल्याच दिवशी जड जाकीट चढवून जिन्यावरून उड्या मारणारा दादा मला तरी शहाणा वाटत नाही. आणि ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

हाडांनाही भार लागतो. अंतराळवीरांच्या खुब्याची हाडं दर महिन्याला सुमारे 1 टक्का विरळ होत जातात, कारण अंतराळात पायांवर भारच पडत नाही. म्हणून ते पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलकडे खाली ओढून घेऊन पळतात. सुनीता विल्यम्स यांनी 16 एप्रिल 2007 रोजी अशीच, अवकाश स्थानकात, अख्खी बॉस्टन मॅरेथॉन पळून काढली! पृथ्वीवर नुसतं जाकीट घालून हाडं राखता येतात का, यावर मात्र एकमत नाही. काही अभ्यासांत जाकीट घालून उड्या मारणाऱ्या बायकांच्या खुब्याचं हाड टिकलं. पण वजन घटवणाऱ्या वयस्क माणसांनी वर्षभर जाकीट वापरलं, तर त्यांचं हाड इतरांइतकंच विरळ झालं, असं 2025 मध्ये आढळलं.

तुमची हाडं अजून वाढताहेत, तेव्हा हे जाकीट तुमच्यासाठी नाही. आणि तुमचं एक असतंच की रोज पाठीवर! 2020 च्या सरकारी धोरणानुसार दप्तर तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको. तुम्ही 30 किलोंचे, तर दप्तर फार तर 3 किलोंचं.

भार पडल्यावर सांधे दबतात, हे घरच्या घरी बघायचंय? मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दिवसभर थोडं थोडं पिळून निघतं आणि रात्री झोपेत परत भरतं. सकाळी उठल्या उठल्या भिंतीला टेकून उंचीची खूण करा, रात्री झोपायच्या आधी पुन्हा करा. दोन खुणांत सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत फरक दिसू शकतो. दोन्ही वेळा अनवाणी उभं राहायचं, टाचा भिंतीला लावून. आणि खूण पेन्सिलीनं करा हं, नाहीतर आई ओरडेल!