स्टॅबिलायझर आहे, पण अर्थिंग आहे का?

पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा या जुन्या नाशिकच्या भागांत अनेक कुटुंबे अजूनही वाड्यातल्या एक-दोन खोल्यांत भाड्याने राहतात. तिथली वायरिंग झाली तेव्हा खोलीत दोन दिवे आणि फार तर एक पंखा असे. आज त्याच तारांवर फ्रिज, टीव्ही, गिझर चालतात. कोविडनंतर काही घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही आला. फ्रिजमध्ये कुणाचे तरी इन्शुलिन असते. अशा घरात वीज बिघडली की नुकसान फक्त यंत्राचे होत नाही.

उपाय म्हणून बहुतेक जण स्टॅबिलायझर आणतात. तो उपयोगी आहेच. व्होल्टेज कमी पडले की फ्रिजची मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. स्टॅबिलायझर ते टाळतो. पण भिंतीतला दोष त्याला दुरुस्त करता येत नाही.

पहिला दोष न्यूट्रलचा. वाड्यात थ्री-फेज पुरवठा असेल, तर वेगवेगळ्या बिऱ्हाडांचे मीटर वेगवेगळ्या फेजवर असतात आणि न्यूट्रल सामाईक असते. ते सैल झाले किंवा तुटले, तर २३० व्होल्टच्या जागी एखाद्या खोलीत ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब जाऊ शकतो. एका खोलीतला दिवा अचानक प्रखर आणि शेजारचा मंद झाला, तर वाट न पाहता मेन स्विच बंद करावा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. ठरावीक मर्यादेपलीकडे वीज तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मेन बोर्डावर असेल, तर यंत्रे वाचू शकतात.

दुसरा दोष अर्थिंगचा, आणि तो जिवावर बेततो. अर्थिंग नसलेल्या घरात कधी कधी सॉकेटचे तिसरे भोक न्यूट्रललाच जोडून दिले जाते. टेस्टर लावला तर सारे ठीक दिसते. मात्र पुढे न्यूट्रल तुटले की फ्रिजचा पत्राच थेट फेजवर येतो. पावसाळ्यात ओल आलेली भिंत आणि ओली फरशी धोका आणखी वाढवतात.

शरीराला किती वीज पुरते? एक मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीस ते पन्नासच्या पुढचा प्रवाह काही क्षण छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण चाळीस मिलिअँपिअर घेतो! आणि बोर्डावरचा सहा अँपिअरचा एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंत गप्प बसतो, कारण तो तारेला जपण्यासाठी आहे, माणसाला नव्हे.

माणसाला जपतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. अर्थिंग नसलेल्या घरातही तो कामाचा आहे. मात्र अर्थिंगची जागा तो घेत नाही. तो वारंवार पडत असेल, तर काढून टाकू नये. कुठेतरी गळती आहे, असे तो सांगत असतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे.

कॉन्सन्ट्रेटर थेट भिंतीतल्या घट्ट, तीन पिनांच्या सॉकेटवर लावावा, एक्स्टेंशन बोर्डवर नको. सैल प्लगमधून ठिणगी उडते आणि ऑक्सिजनजवळ आग झपाट्याने पसरते. देव्हाऱ्यातला दिवाही लांबच हवा. वीज गेली की यंत्र थांबते, म्हणून भरलेला सिलिंडर हाताशी ठेवावा. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. फ्रिज बंद पडला, तर ते कोरड्या डब्यात घालून मातीच्या माठाच्या गारव्यात तात्पुरते ठेवता येते. बर्फात थेट ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन वापरायचे नाही.

खर्च कुणी करायचा, हा भाडेकरूचा नेहमीचा प्रश्न. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी सही करण्यापूर्वीच परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि दुरुस्तीची अट करारात लिहून घ्यावी.

कुणाला विजेचा धक्का बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, तोवर त्या व्यक्तीला हात लावू नये. श्वास थांबला असेल, तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. नंतर बरे वाटले, तरी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्यावा.