दादासाहेब तोरणे : पहिलेपणाच्या वादापलीकडचा निर्माता

कलाकार हेरणे, त्याचा करार ठरवणे, मानधन आणि तारखा सांभाळणे, त्याची प्रसिद्धी करणे ही कामे आज ‘टॅलेंट मॅनेजर’ म्हणजे कलाकारांचा व्यवस्थापक करतो. मराठी चित्रपटाच्या आरंभकाळात मात्र असा स्वतंत्र व्यवसाय नव्हता आणि ही सारी जबाबदारी निर्मात्याच्या अंगावर पडत असे. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे (१८९०–१९६०) यांची कारकीर्द या दृष्टीने क्वचितच पाहिली गेली आहे. त्यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील सुकळवाड.

तोरण्यांचे नाव निघाले की चर्चा ‘श्री पुंडलिक’पाशी अडते. १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला हा सुमारे २२ मिनिटांचा मूकपट फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (३ मे १९१३) जवळजवळ वर्षभर आधीचा होता, परंतु तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, त्याचा छायाचित्रकार जॉन्सन हा इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली, या कारणांवरून बहुतेक इतिहासकारांनी पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान फाळक्यांकडे ठेवला. हे आक्षेप निराधार नाहीत. तरीही या वादात तोरण्यांचे पुढील दोन दशकांचे काम झाकोळून गेले, आणि खरे पाहता त्यांचे कर्तृत्व तेथेच अधिक दिसते.

कराचीत असताना त्यांची बाबूराव पै यांच्याशी ओळख झाली. पुढे दोघांनी चित्रपट-वितरणाचा, म्हणजे तयार चित्रपट निर्मात्याकडून घेऊन गावोगावच्या थिएटरांपर्यंत पोहोचवण्याचा, धंदा उभारला. वितरकाला प्रेक्षक काय पाहायला येतो हे तिकीटखिडकीवरच कळते, आणि हे ज्ञान तोरण्यांना निर्मितीत उपयोगी पडले असावे. त्यांची मूव्ही कॅमेरा कंपनी परदेशी यंत्रसामग्री आणून विकत असे. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस सरत चालले, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांचा व्यवहार आधीच हाताळलेल्या या व्यापाऱ्याने पुण्यात सरस्वती सिनेटोन ही स्वतःची चित्रसंस्था काढली.

तिचा ‘श्यामसुंदर’ (१९३२) भालजी पेंढारकरांनी दिग्दर्शित केला. मुंबईत तो २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. कृष्णाच्या भूमिकेत अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला शाहू मोडक होता, राधेच्या भूमिकेत शांता आपटे; दोघेही किशोरवयीन, दोघांचेही हे पदार्पण. बोलपटात गाणे ज्याचे त्याने कॅमेऱ्यासमोरच गायचे असे, त्यामुळे चेहरा आणि गळा एकाच व्यक्तीत शोधावा लागे. ही निवड किती अवघड होती, याची कल्पना पार्श्वगायनाला सरावलेल्या आजच्या वाचकाला सहज येणार नाही. लगेच पुढच्या वर्षी ‘औट घटकेचा राजा’मध्ये (१९३३) मोडकांना दुहेरी भूमिका देऊन सरस्वतीने आपल्या या शोधावर पुन्हा भरवसा टाकला.

पण कलाकार शोधणे वेगळे आणि राखणे वेगळे. त्या काळी नट-नट्या नाटक मंडळ्यांच्या रिवाजाप्रमाणे मासिक पगारावर संस्थेशी बांधलेल्या असत, आणि मोठ्या संस्थेपुढे लहान संस्थेचा टिकाव लागत नसे. शांता आपटे ‘प्रभात’ या मोठ्या चित्रसंस्थेत गेल्या, ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘कुंकू’ (१९३७) यांनी त्यांना कीर्ती दिली. मोडकांनीही ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) मुख्य भूमिका केली. म्हणजे तोरण्यांनी पारखलेल्या दोन्ही कलावंतांचे सर्वाधिक नावाजलेले काम दुसऱ्याच संस्थेच्या खाती जमा आहे.

करारबद्ध कलाकाराच्या बाजूने बोलणारा मध्यस्थ कोणीच नसल्याचा परिणाम १९३९ मध्ये उघड झाला: कराराच्या वादावरून शांता आपटे यांनी पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकासमोर उपोषण केले. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले, आणि त्यात त्यांनी चित्रपटातील नटीकडे तारका म्हणून नव्हे, तर राबणारी कामगार म्हणून पाहिले.