काशाचा कान

मराठी घरात काशाची वाटी अजून कुठेतरी असतेच. देवघराजवळच्या फळीवर, नाहीतर आजीच्या कपाटाच्या तळाशी. तळपायाला तूप लावून ती घासायची, की डोळ्यांची आग थांबते असं सांगितलं जातं. ते असो. त्या वाटीला एकदा नखाने टिचकी मारून बघावी आणि शेजारी तेवढ्याच आकाराची पितळेची वाटी ठेवून तिलाही मारावी. पितळ 'टण्' करतं आणि गप्प बसतं. कासं मात्र बराच वेळ गुणगुणत राहतं, आणि कान जवळ नेला तर त्या गुणगुणण्यात एकाहून जास्त सूर ऐकू येतात. ड्रम-सेटसाठी परवडणारी क्रॅश सिंबल शोधायला निघालेल्या माणसाला पहिला धडा याहून स्वस्तात मिळणार नाही.

ड्रम-सेटवरच्या धातूच्या थाळ्यांची कामं वाटून दिलेली असतात. पायाने उघडझाप होणारी हाय-हॅटची जोडी आणि मोठी राइड या लय धरून ठेवतात. क्रॅशवर सतत वाजवत नाहीत. कडवं संपून धृपद येतं, सगळी वाद्यं समेवर यावीत तशी एका मात्रेवर येऊन पडतात, तेव्हा तिच्यावर फटका बसतो. गाण्यात मोजक्याच वेळा तोंड उघडणारी ही बाई. पण तिचा आवाज फाटका असला, तर बाकीच्या महागड्या सेटची अब्रू जाते.

दिल्लीला असा सेट नवा नाही. इथे 1991 साली 'परिक्रमा'सारखा रॉक बँड उभा राहिला. 'इंडियन ओशन'ही त्याच काळातला, त्याच शहरातला. आज नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या सोसायट्यांमधून बारा-पंधरा वर्षांची मुलं ड्रम शिकतात, आणि त्यांचा पहिला सेट येतो तेव्हा त्याच्यासोबत एक-दोन थाळ्या जवळजवळ फुकट आलेल्या असतात. पातळ पितळी पत्र्याच्या. चार दिवस बरं वाटतं. मग मुलगा म्हणतो, 'बाबा, हे पातेल्याच्या झाकणासारखं वाजतंय.' बाबांना आधी ते नखरे वाटतात. ते नखरे नसतात.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ड्रम साधा असला तरी त्यावरची कातडी बदलता येते, किल्लीने ताण कमी-जास्त करता येतो, आत उशी घालता येते. सिंबलला यातलं काहीच लागू नाही. ती कारखान्यातून जशी बाहेर पडली जवळजवळ तशीच आयुष्यभर वाजणार. म्हणून हातात पैसे थोडे असतील, तर ते ड्रमपेक्षा आधी थाळीत घालावेत. दुकानदार याच्या बरोबर उलट सांगतो, कारण सेट मोठा दिसतो.

आता धातू. सिंबलच्या जाहिरातीत 'बी-20', 'बी-8' असे आकडे दिसतात. तो आकडा म्हणजे तांब्यात मिसळलेल्या कथलाचं शेकडा प्रमाण. बी-20 म्हणजे 80 भाग तांबं, 20 भाग कथील. आपल्याकडचं परंपरेने चालत आलेलं कासं साधारण 78 ला 22 असतं. म्हणजे झिल्जियन किंवा साबियन या कंपन्यांच्या महागड्या थाळीचा धातू आणि आजीच्या वाटीचा धातू सख्खे भाऊ. वारकऱ्याच्या गळ्यातले काशाचे टाळही त्याच कुळातले. बी-8 मध्ये कथील आठच भाग आणि तांबं 92. पितळेत कथील नसतंच, तिथे जस्त असतं. स्वस्त सिंबलमध्ये ते साधारण 37 भाग. जस्ताने धातू मऊ आणि स्वस्त होतो, पण गुंजन मरतं.

मग सगळेच कासं का वापरत नाहीत? कारण ते हट्टी आहे. कथील इतकं वाढलं की धातू ठिसूळ होतो, थंड असताना ठोकला तर तडकतो. त्याची थाळी करायची तर ओतलेला गोळा भट्टीत लालबुंद करायचा, रुळातून दाबायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा दाबायचा. शेवटी पाण्यात विझवायचा. लोखंडाचं पोलाद पाण्यात विझवलं तर कडक होतं, हे मात्र मऊ पडतं, आणि म्हणूनच त्यावर हातोडा चालतो. पुण्याच्या तांबट आळीत घागरीवर छोटे छोटे ठोके घालून मठारकाम करतात, त्यामागे नुसती नक्षी नसते. पत्रा त्याने ताठ होतो. सिंबलवर दिसणारे हातोड्याचे खळगे याच जातीचे. बी-8 आणि पितळ यांचा मात्र लांबलचक पत्रा निघतो आणि त्यातून चकत्या कापता येतात. मजुरी वाचते. किंमत उतरते ती तिथे.

हे वाचून 'बी-20 चांगलं, बाकी टाकाऊ' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो घाईचा ठरेल. स्वित्झर्लंडच्या पाइस्ते कंपनीची '2002' ही मालिका 1971 पासून बाजारात आहे आणि तिच्यात कथील आठच टक्के. लेड झेपेलिनचा जॉन बॉनहॅम त्या थाळ्या वाजवायचा, आणि त्याच्या आवाजाला कुणी स्वस्त म्हटल्याचं ऐकिवात नाही. धातूपेक्षा त्यावर केलेलं काम मोठं असू शकतं. तरीही स्वस्तातल्या गटात पितळ आणि बी-8 यांच्यामध्ये जी दरी आहे, ती पहिल्याच फटक्यात कळते. थोडे थांबून, थोडे साठवून ती ओलांडावी. बी-20 ची नवी थाळी पितळेच्या चौपट-पाचपट किमतीला जाते. ती उडी पहिल्या वर्षी कुणी मारली नाही तरी चालेल.

या थाळीचा प्रवास दिल्लीच्या अगदी जवळून गेलेला आहे. 1623 साली इस्तंबूलमध्ये आवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने सिंबलचा व्यवसाय सुरू केला. तो किमयागार होता, इतर धातूंतून सोनं काढण्याच्या खटपटीत होता आणि त्याच्या हाती हा धातू लागला, अशी कथा त्याच्या घराण्यात सांगतात. झिल्जियन हे घराण्याचं नाव तुर्की शब्दावरून आलेलं, 'झांजा करणाऱ्याचा मुलगा' या अर्थाचं. 1929 मध्ये या घराण्याने अमेरिकेत कारखाना काढला आणि 1981 मध्ये भावाभावांतल्या वाटणीतून कॅनडात साबियन ही दुसरी कंपनी जन्मली.   उस्मानी सैन्याच्या वाद्यपथकातल्या झांजा अठराव्या शतकात युरोपच्या फौजांनी उचलल्या. ब्रिटिश पलटणींबरोबर त्या हिंदुस्थानातल्या छावण्यांत आल्या. मेरठची छावणी त्यातली एक, आणि तिच्याच आधाराने जली कोठी हा बँडच्या वाद्यांचा मोहल्ला वाढला. 1885 ची नादिर अली अँड कंपनी तिथलीच. उत्तर हिंदुस्थानात लग्नाच्या वरातीत जे पितळी भोंगे वाजतात, त्यातले कितीतरी या गल्लीतून निघालेले असतात.

ऑगस्ट 2024 मध्ये 'नमो भारत' ही जलद रेल्वे मेरठ साउथपर्यंत पोहोचली, त्यामुळे दिल्लीकराला ही चक्कर जड नाही. पण तिथे मिळणारी बँडची झांज आणि ड्रम-सेटची क्रॅश यांत गल्लत करू नये. झांज जोडीने, एकीवर एक आपटायला केलेली असते, म्हणून ती जाड. क्रॅश एकटी दांडीवर टांगलेली आणि लाकडी काठीच्या एका फटक्याला उमलायला हवी. त्यासाठी तिची कड पातळ लागते. जाड झांज स्टँडवर लावून बडवली तर घंटेसारखी ठणठणते, फुलत नाही.

फुलणं हाच क्रॅशचा गुण. फटका बसला की आधी खालचे, जाड सूर हलतात आणि पुढच्या क्षणार्धात ती ऊर्जा वरच्या बारीक सुरांमध्ये सांडत जाते. म्हणून चांगल्या क्रॅशचा आवाज आदळल्यावर किंचित उशिराने उघडतो, मग ओसरतो. पातळ थाळी लवकर उघडते, तिचा सूर खालचा, आणि ती लवकर विरते. जाड थाळीला जास्त जोर लागतो, आवाज चढा आणि लांबलेला. नवशिक्याचा हात हलका असतो, खोली लहान असते. त्याने पातळच घ्यावी. मापाचं म्हणाल तर 16 आणि 18 इंच ही नेहमीची जोडी. एकच परवडत असेल तर 18 इंची पातळ घ्यावी. काठीच्या टोकाने तिच्यावर लयही धरता येते, आणि राइडची खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते.

दिल्लीत वाद्यांची दुकानं विखुरलेली आहेत. कॅनॉट प्लेसमधलं रिखी राम आणि दर्यागंजमधलं लाहोर म्युझिक हाउस ही दोन्ही मूळची लाहोरची, फाळणीने इकडे आलेली. रिखी रामचं नाव सतारीमुळे जगभर गेलं. ड्रमचा माल आता मॉलमधल्या दुकानांत आणि ऑनलाइनही भरपूर आहे. घरपोच मागवावी की दुकानात जावं, याचं उत्तर पुन्हा धातूकडेच आहे. पत्र्यातून कापलेल्या बी-8 किंवा पितळी थाळ्या एकासारख्या एक असतात, त्या न ऐकता मागवल्या तरी फारसं बिघडत नाही. ओतीव बी-20 ची प्रत्येक थाळी वेगळी वाजते. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन थाळ्यांमध्ये चांगला अर्ध्या सुराचा फरक निघू शकतो. ती दुकानात जाऊनच घ्यावी, आणि जाताना आपल्या रोजच्या काठ्या न्याव्यात. घरची हाय-हॅटही न्यावी, कारण नवी क्रॅश तिच्याच शेजारी वाजणार आहे. थाळी हातात लोंबकळत धरून टिचकी मारणं ही नुसती सलामी. स्टँडवर लावा, हळू मारा, मध्यम मारा, मग जोरात. शेवटी दुकानातल्या कुणाला तरी वाजवायला सांगून दहा पावलं मागे जाऊन ऐका. वाजवणाऱ्याच्या कानाशी कर्कश वाटणारी थाळी समोर बसलेल्याला गोड लागते, असं पुष्कळदा होतं.

खरा स्वस्त सौदा मात्र वापरलेल्या मालात आहे. ड्रमरचं बदलीवर दुसऱ्या गावी जाणं, लग्न, मूल, वरच्या मजल्यावरचे शेजारी या चार कारणांनी चांगल्या थाळ्या विकायला निघतात. जुन्या काशाच्या थाळीवर आलेला तपकिरी थर पाहून नाक मुरडू नये, कित्येकांना तो मऊ झालेला आवाजच हवा असतो. तडा मात्र शोधायचा, आणि तो डोळ्यांआधी बोटाला सापडतो. अंगठ्याचं नख कडेवरून पूर्ण एक फेरी सावकाश फिरवायचं. जिथे अडकेल तिथे थांबून थाळी उजेडासमोर तिरकी धरायची. कडेपासून आत जाणारा तडा दिसतो. फसवतो तो थाळीवर कोरलेल्या गोल चरांच्या आत, चराच्याच रेषेत गेलेला. मग मधलं भोक बघायचं. ते गोल न राहता किल्लीच्या भोकासारखं लांबट झालं असेल, तर ही थाळी वर्षानुवर्षं उघड्या लोखंडावर घासलेली आहे. नावावरही भरवसा ठेवू नये, नकली शिक्के बाजारात आहेत. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो: 16 इंची पातळ क्रॅश साधारण एक किलोच्या आसपास भरते, 18 इंची सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. 'पातळ' म्हणून विकायला काढलेली 16 इंची दीड किलो भरली, तर प्रश्न विचारावा.

घरी आणल्यावर तिचा जीव स्टँडवरच्या एका नळीवर अवलंबून असतो. दांडीवर बसणारी नायलॉनची बोटभर नळी आणि खाली-वर नमद्याच्या दोन चकत्या. या तीन गोष्टींचे पैसे चहा-समोशात निघतील, आणि बहुतेक थाळ्या यांच्याविना मरतात. वरची चकती कसून आवळायची नाही, थाळीला डोलता आलं पाहिजे. फटका कडेवर सरळ कापल्यासारखा नको, तिरका आणि पुसत गेल्यासारखा हवा. आणि दिवाळीला भांड्यांबरोबर तिलाही चिंच किंवा पावडर लावून लखलखीत करण्याचा आईचा उत्साह प्रेमाने थोपवावा. अशा घासण्याने वरचा संरक्षक लेप जातो, छापलेलं नाव जातं. कोमट पाणी, सौम्य साबण आणि कोरडं फडकं एवढंच पुरे.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरतोच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. जोरात मारलेली क्रॅश बंद खोलीत सहज शंभर ओलांडते. त्यामुळे फ्लॅटमध्ये रियाजासाठी रबराची चकती किंवा असंख्य भोकं पाडलेली कमी आवाजाची थाळी आणि गाजवायला भाड्याची सराव-खोली, असा दुहेरी संसार दिल्लीतले ड्रमर करतात. कानात बोळे घालणाऱ्याला भित्रा म्हणायची पद्धत आता गेली, हे बरं झालं.

तडा गेलेली थाळीही लगेच मरत नाही. कुणी खरादावर कड कापून 16 ची 14 करून घेतो. कुणी तीच दुसऱ्या थाळीवर उलटी ठेवून 'स्टॅक' करतो, तिचा आखूड, खरखरीत आवाज आजकाल मुद्दाम हवा असतो. तेही जमेना झालं की ती दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात जाते. तिथला माणूस थाळी तराजूत टाकतो आणि पिवळा रंग बघून पितळेचा भाव सांगतो. कासं त्याहून महाग जातं, त्यातल्या कथलामुळे. ते त्याला पटवून द्यायचं तर टिचकी मारून दाखवावं लागतं, आणि ही थाळी तर तडकलेली.