लिटल बॅले ट्रूप

लिटल बॅले ट्रूप ही शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेली नृत्यनाट्यसंस्था होय. उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात व पुढे भारतीय जननाट्य संघात बर्धन यांनी काम केले होते. त्यांच्या ‘रामायण’ या नृत्यनाट्यात नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करीत. ‘पंचतंत्र’मध्ये पशुपक्ष्यांच्या चालींना नृत्यरूप दिले होते.

१९५४ मध्ये, स्थापनेनंतर अवघ्या दोन वर्षांत, बर्धन यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी प्रभात गांगुली आदी सहकाऱ्यांसह संस्था टिकवली. पुढे ती ग्वाल्हेरला व तेथून भोपाळला गेली. तरी संस्थापकाच्या रचना नव्या नर्तकांकडून सादर होत राहिल्या. २०१० साली गुल बर्धन यांना पद्मश्री सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.