संगणक चालतो, मग बदलायचा कशाला?



मागील पालक सभेत एका पालकांनी विचारले, "संगणक कक्षातल्या मशिनी तर छान चालत आहेत, मग हा खर्च कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तो निघाला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, आणि गैरसमज इथूनच सुरू होतो. बंद झाल्या त्या दर महिन्याला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. प्रणालीत नवी छिद्रे सापडतच असतात. नव्या विंडोजसाठी दुरुस्ती निघाली की ती तपासून जुन्या विंडोजमध्ये तेच छिद्र कुठे आहे हे चोरांना कळते. म्हणजे कुलूप जागेवर आहे, पण त्याची किल्ली बाजारात मिळू लागली.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरातील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या छिद्राची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. बहुतेक बाधित संगणक विंडोज ७ चे होते, ज्याला तेव्हा आधार होता. फक्त कोणी दुरुस्ती बसवली नव्हती. तेव्हा नवीन मशिन घेतली की काम झाले, असेही नाही.

आमचा स्वतःचा अनुभवही सांगून टाकतो. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला, ती तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर होती. आम्ही मात्र शेवटच्या आठवड्यात धावपळ केली. नव्या मशिनींवर कार्यालयाचा जुना प्रिंटर चालेना. त्याहून वाईट म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले दाखले उघडले, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! तो फॉन्ट नव्या मशिनींवर कोणी घातलाच नव्हता. निकालाच्या दिवसांत लिपिक बाईंनी ते कागद पुन्हा हाताने टाइप केले.

यंदा म्हणून आधी यादी केली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसरही मान्य यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा. 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम मशिन योग्य आहे की नाही ते सांगतो. पालकांनी घरीही तो चालवून पाहावा. मेमरी वाढवता येते, प्रोसेसर बदलणे मात्र बहुधा परवडत नाही.

सर्वच मशिनी एकदम घ्याव्या लागणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने शिक्षणसंस्थांना विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या जास्तीत जास्त तीन वर्षे सशुल्क देऊ केल्या आहेत: दर संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २ आणि मग ४. इतर व्यवसायांना पहिल्याच वर्षासाठी ६१ डॉलर सांगितले होते, त्या मानाने आपण नशीबवान! पण ही सवड ऑक्टोबर २०२८ पर्यंतचीच आहे. दुसरा मार्ग लिनक्सचा. केरळच्या शाळांतून तो अनेक वर्षे चालू आहे, आणि मुलांना टायपिंग व प्रोग्रामिंग शिकायला पुरेसा आहे.

आमचे मत असे की पहिली खरेदी कार्यालयासाठी व्हावी; फी, निकाल, दाखले सगळे तिथेच आहे. संगणक कक्षातील योग्य मशिनींवर विंडोज ११, उरलेल्यांवर लिनक्स. काम उन्हाळी सुट्टीत करू, त्याआधी जुने दाखले युनिकोडमध्ये आणून दोन ठिकाणी प्रत ठेवू आणि प्रिंटर एका नव्या मशिनीवर जोडून पाहू. जुन्या मशिनी देऊन टाकण्यापूर्वी त्यांच्या हार्ड डिस्क काढून घेऊ. त्यांत मुलांचे पत्ते आणि पालकांचे फोन नंबर आहेत.