व्हॉल्व्ह बदलला, पण खालून उठता येतं का?

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलून म्हातारं माणूस घरी आलं की भेटायला येणारा जो तो विचारतो, "आता दम लागते का जी?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. वऱ्हाडातलं म्हातारपण जमिनीवर चालतं. जेवण खाली, निवडणं-पाखडणं खाली, भजन खाली, आणि कितीतरी घरांत संडासही उकिडवं बसायचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम स्थापन केला त्या गुरुकुंज मोझरीत सामुदायिक प्रार्थना होते, तीही रांगेत, मांडी घालून, ताठ बसून. ज्याला खालून उठता येत नाही तो आधी मागे खुर्ची मागतो, आणि पुढे यायचंच सोडतो. अशा माणसाचा व्हॉल्व्ह कितीही छान उघडझाप करत असला तरी त्याचं जगणं खाटेभोवती आक्रसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की अशक्त वृद्धांचं हृदय-पुनर्वसन मांड्यांपासून सुरू व्हावं, जमिनीवरून आपलं आपण उठणं हे त्याचं ध्येय असावं, आणि ते गावातच व्हावं.

मांड्यांपासून का, याचं कारण आजाराच्या चालीत आहे. म्हातारपणी महाधमनीच्या व्हॉल्व्हवर चुना साचतो, तोंड अरुंद होतं, चाललं की धाप लागते. माणूस नकळत चालणं कमी करतो. आधी शेत सुटतं, मग देऊळ, मग अंगण. मांड्यांचं मांस झडायला ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली असते, आणि वर रुग्णालयातली खाट येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो स्नायू गेले. हे निरोगी होते. व्हॉल्व्हच्या रुग्णाचं काय होत असेल ते उघड आहे. २०१७ साली व्हॉल्व्ह बदललेल्या १,०२० वृद्धांच्या अभ्यासातून अशक्तपणा ओळखायची एक सोपी पद्धत पुढे आली. तिच्यात चारच गोष्टी पाहतात: खुर्चीतून हात न लावता ५ वेळा उठायला लागणारा वेळ, स्मरण-आकलन, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन. १५ सेकंद किंवा जास्त लागले तर एक गुण, उठताच आलं नाही तर दोन. ऑपरेशननंतर वर्षभरात कोण दगावण्याची भीती जास्त, हे या चार गोष्टींनी चांगलं सांगितलं.

खुर्चीतून उठण्याचा हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, पण नीट पाहिला तर त्यात सगळं आहे. छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर छातीचं हाड तारांनी शिवलेलं असतं. ते धरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पक्कं व्हायला आणखी. तोवर हातांवर भार देऊन उठायचं नाही. मग खुर्चीवर घड्या घालून गोधड्या ठेवायच्या, म्हणजे बैठक उंच होते. दोन्ही हात छातीशी, पावलं मागे ओढलेली. "माय, नाक गुडघ्याच्या पुढं आणा, मंग उठा." उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. खरं काम मात्र परत बसताना होतं. थकलेलं माणूस खुर्चीत धपकन पडतं. त्याला चार आकडे मोजत हळूहळू टेकायला शिकवणं हाच निम्मा व्यायाम. मधे विसावा, नाडी बघणं, आणि एक साधी कसोटी: बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. जमेल तशी एकेक गोधडी काढायची, पुढे चौरंग, मग पाट. जमिनीवर बसणं शेवटी, हाड जुळल्याचं सर्जनने सांगितल्यावर. तेव्हाही कुशीवर वळून, एक गुडघा टेकून, भिंतीचा आधार घेऊन उठायचं. जांघेतून, छाती न उघडता व्हॉल्व्ह बसवला असेल (फ्रान्समध्ये २००२ साली आलँ क्रिबिये यांनी पहिल्यांदा केलेली ही पद्धत) तर छातीच्या हाडाचा प्रश्न उरत नाही, मांड्यांचा उरतोच.

जाणकार इथे पुरावा मागतील, आणि मागावाच. डेन्मार्कमध्ये व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालेल्या १४७ जणांवर १२ आठवड्यांच्या व्यायामाची चाचणी झाली. चौथ्या महिन्यात त्यांची दमश्वास टिकवण्याची ताकद वाढलेली होती, मानसिक आरोग्यात मात्र फरक पडला नाही. शिवाय ते फारसे म्हातारे नव्हते. भारतात २४ केंद्रांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तब्येत बरी वाटू लागली, माणसं आधीच्या कामांना लागली, पण मृत्यू आणि पुन्हा झटका यांत ठोस घट सिद्ध झाली नाही. अशक्त वृद्धांच्या सर्वात जवळची चाचणी अमेरिकेतली, २०२१ ची. तीत हृदय निकामी होऊन दाखल झालेल्या ३४९ वृद्धांना ताकद, तोल, चालणं आणि दम या चारही गोष्टी प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे शिकवल्या. उठणं-चालणं-तोल यांच्या १२ गुणांच्या मोजमापात ३ महिन्यांनी त्यांना ८.३ मिळाले, इतरांना ६.९. पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मात्र फारसं हललं नाही. म्हणजे व्यायामाने आयुष्य वाढतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. स्वतःचं स्वतः उठता-चालता येतं, एवढं सांगता येतं. पंचाहत्तरीच्या माणसाला विचारा, त्याला काय हवंय. सुनेला हाक न मारता संडासला जाता यावं, ही मागणी लहान नाही.

गावात हे करणं धोक्याचं, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. पण धोका नेमका कुठे आहे ते पाहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस तोल जाऊन पडला तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो; म्हणजे त्याला तोल शिकवणं टाळण्यातच जास्त जोखीम. ताप टिकून राहणं (नव्या व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ शकतो), चक्कर येऊन पडणं, पायांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वजन वाढणं, छातीचं हाड कटकट वाजणं: एवढी लक्षणं आशाताईला आणि घरच्यांना पाठ असली आणि ती दिसताच व्यायाम थांबवून दवाखाना गाठला, तर हळू गतीच्या या व्यायामाला नागपूरचं यंत्र लागत नाही. पहिली तपासणी आणि व्यायामाचं प्रमाण फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं, महिन्याला पुन्हा मोजावं. शिकवणाऱ्या हातांची अमरावती जिल्ह्यात वाण नसावी. १९१४ पासून चालत आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीत आहे, ज्याचे खेळाडू १९३६ साली बर्लिनला देशी व्यायाम दाखवून आले. पैशाचं म्हणाल तर जीवनदायी योजना २०१२ साली ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत आली त्यांत अमरावती होता, आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च योजनेत बसतो. एवढा खर्च करून बसवलेल्या व्हॉल्व्हमागच्या माणसाला उभं करायला शिकवणाऱ्याची आठवड्यातून एक फेरी परवडत नाही, हे मला पटत नाही.

राहिला घरातला प्रेमळ विरोध: "आता काई करू नका, पडून राहा." त्या मायेला उत्तर ताटातून द्यावं लागतं. भाकर आणि चहावर स्नायू भरत नाहीत. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मूत्रपिंडं धड असतील तर. ज्या मुलखात तूर पिकते तिथे घट्ट वरण, झुणका, दही, खाणाऱ्याला अंडं हे आवाक्यातलं आहे. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर मेथी-पालक बंद करायची गरज नसते. रोज साधारण तेवढीच खावी आणि रक्ताची तपासणी चुकवू नये. ऋतूचंही पाहावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लघवीच्या गोळ्यांनी आधीच पाणी कमी झालेलं असतं. तेव्हा चालणं उजाडताच उरकायचं आणि गोळीचा डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यायचा. कपाशी वेचायच्या दिवसांत घरी कुणीच नसतं, म्हणून तेव्हा संध्याकाळी प्रार्थनेला जमणाऱ्यांपैकी दोघांनी आधी अर्धा तास यावं, गोधड्या घालाव्यात, मोजावं, वहीत आकडा लिहावा.