विष पचवणारी अळी कशी ओळखाल?

नांदेडच्या कपाशीवर जिला बोंडअळी म्हणतात, तीच लातूरच्या हरभऱ्यावर घाटेअळी होते. तुरीच्या शेंगाही तिला वर्ज्य नाहीत. पीक बदलले की नाव बदलते, अळी एकच.

समजा, औषध फवारून तीन दिवस झाले आणि अळी मजेत शेंगा पोखरते आहे. दोष कोणाचा? औषध भेसळीचे असेल, फवारल्यावर पाऊस आला असेल, किंवा अळीच औषधाला दाद देत नसेल. नुसत्या डोळ्यांना यातले काही कळत नाही. शेतकरी मग मात्रा वाढवून पुन्हा फवारतो. उधारी वाढते, अंगावर विष उडते ते वेगळेच.

‘अळीला औषधाची सवय झाली’ असे आपण सहज म्हणतो. ते बरोबर नाही. एकेका अळीला सवय होत नसते. लाखो अळ्यांत काही जन्मतःच विष पचवणाऱ्या असतात. फवारणीने बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. १९८७ साली किनारी आंध्रात पायरेथ्रॉइड गटातील औषधे बोंडअळीपुढे निष्प्रभ ठरली, ती अशीच.

विष पचवण्याचे काम विकरे, म्हणजे एन्झाइमे, करतात. याचा उत्तम अभ्यास झाला तो मावा या किडीवर. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ॲलन डेव्हनशायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की बटाट्यावरील मावा ‘ई-४’ नावाचे एस्टरेज विकर अमाप बनवतो. सर्वांत चिवट माव्यात ते शरीरातील एकूण प्रथिनांच्या सुमारे ३ टक्के भरले! ते विषाचे तुकडे सावकाश करते, पण एवढ्या प्रमाणात असल्याने विषाला आधी धरूनच ठेवते. मज्जातंतूंपर्यंत फारसे पोचतच नाही.

मग हे विकर मोजले की झाले, नाही का? अडचण अशी की किडीच्या अंगात एस्टरेजे पुष्कळ असतात आणि साध्या रासायनिक चाचणीत ती सगळी मिळून रंग देतात. ई-४ वेगळे कसे काढायचे? येथे प्रतिपिंडे कामाला आली. एखादे शुद्ध प्रथिन सशासारख्या प्राण्याला टोचले, तर त्याचे रक्त त्या परक्या प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे तयार करते. माळेगावच्या जत्रेत हजार बैलांतून आपला बैल हेरणाऱ्या शेतकऱ्यासारखी ती असतात.

ही प्रतिपिंडे प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत चिकटवून ठेवतात. एकच मावा चिरडून त्याचा रस खळग्यात घालतात. ई-४ तेवढे अडकते, बाकी सारे धुऊन जाते. मग नॅफ्थिल ॲसिटेट आणि एक रंगद्रव्य घातले की अडकलेले विकर स्वतःच रंग निर्माण करते. रंग जितका गडद, तितका मावा चिवट. चोराने आपल्याच हाताने आपले नाव लिहावे, तसे हे आहे! ही पद्धत १९८६ साली प्रसिद्ध झाली.

पण ही प्रतिपिंडे आपल्या घाटेअळीला लावून भागणार नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियातील अळ्यांत असे दिसले की शेजारशेजारचे दोन जनुक जुळून तिसरेच जनुक बनले आहे. त्याचे विकर फेनव्हॅलरेट हे औषध निकामी करते. ते एस्टरेज नव्हेच, अगदी वेगळ्या घराण्यातले आहे. ई-४ ची प्रतिपिंडे त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत आणि तपासणारा अळीला निर्धास्तपणे ‘साधी’ ठरवील. ज्याची ओळख करून दिली तेवढेच प्रतिपिंडाला दिसते.

हीच नेमकी ओळख दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडते. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि त्यानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी प्रथिन ओळखणाऱ्या चाचण्या प्रतिपिंडांच्याच आधारे तयार केल्या. अशा चाचणीच्या पट्टीवर पानाच्या रसाने दुसरी रेघ उमटली आणि बोंडात गुलाबी अळी तरीही जिवंत सापडली, तर निदान बियाणे बनावट नव्हते एवढे कळते. मग शोध अळीच्या शरीरात घ्यावा लागतो.